चौथी ‘ब’च्या कविता कोणाच्या, याबद्दल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, प्राथमिक शाळेतला निवृत्त शिक्षक, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याची खात्री आमच्या डॉक्टरांनी आज सकाळीच केली. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. बहात्तरच्या पुढे मी अडखळलो, पण तसा मी तिशीतही अडखळलोच असतो, हे त्यांनी मान्य केले. यापूर्वी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वकिलांचे म्हणणे आहे की कलम चार मृत्युपत्रात बसत नाही. ते मी तरीही ठेवले आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा व्हरांडा, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. न्हाणीघरातला नळ आधी डावीकडे फिरवून मग किंचित वर उचलावा, म्हणजे तो गळत नाही. जावईबापूंनी दर खेपेला प्लंबर बोलावू नये.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही मुलीचेच. त्यावरून कोणाचे भांडण होण्याइतके ते नाही.

कलम ३. माझी सहा पायऱ्यांची शिडी धाकट्या भावाला द्यावी. ती गेली एकोणीस वर्षे त्याच्याकडेच आहे, आता कायदेशीररीत्या त्याची होईल. माझ्या मनात त्याबद्दल काही नाही. म्हणजे, होते, पण पुढचे कलम लिहिल्यावर शिडीचा राग धरायला तोंड राहिले नाही.

कलम ४. माझ्या पलंगाखाली पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात चौथी ‘ब’च्या मुलांनी वर्गात लिहिलेल्या कवितांचे मूळ कागद आहेत, वर्षावार दोऱ्याने बांधलेले. या कागदांवरून शाळेने अकरा पुस्तिका छापल्या. त्या पुस्तिकांमुळे माझे नाव झाले. दुसऱ्या शाळांचे शिक्षक माझा तास बघायला येत. मी मुलांना टाळ्यांवर ओळी म्हणायला लावी, यमकाच्या चिठ्ठ्यांचा डबा फिरवी, ‘खिडकीतून जे दिसतंय तेच लिहा’ असे सांगी. मुले खरोखर लिहीत. इथपर्यंत लाज वाटण्यासारखे काही नाही.

लाज पुढे आहे. कागद घरी आणून मी त्यांवर लाल पेन चालवी. आधी शुद्धलेखन, मग मात्रा, मग यमक, आणि शेवटी मुलाचे नाव सोडून बाकी सगळे माझे. पुस्तिकांतल्या कविता मुलांच्या नाहीत, हे मी या कलमान्वये जाहीर करतो. मूळ कागद मी जपले त्यात प्रेम होते, असे कोणाला वाटेल. सुरुवातीला तरी मी ते एवढ्यासाठीच जपले, की आपण कशातून काय घडवले ते कधीतरी कोणाला दाखवता यावे.

सहाव्या पुस्तिकेच्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. तिचे वडील बेकरीत भट्टीवर कामाला होते. आई आदल्या वर्षी घर सोडून गेली होती, काही न सांगता. हे शाळेत सगळ्यांना माहीत होते. ‘माझी आई’ हा विषय मी फळ्यावर लिहिला तेव्हा मलाही माहीत होते. पुस्तिकेत आईवरची कविता लागतेच, एवढाच विचार मी केला. टाचणीने लिहिले ते असे:

आई गेली.
तिच्या चपला राहिल्या.
मी रोज घालून बघते.
अजून मोठ्या होतात मला.

याखाली माझ्या अक्षरात लाल शाईने शेरा आहे: ‘यमक नाही. आईबद्दल चांगले लिहावे.’ मग मी स्वतःच बसून चांगले लिहिले. सोळा ओळी. त्यांतल्या दोन इथे देतो, कारण शिक्षा म्हणून त्या मला पाठ आहेत: ‘शाळेतून मी घरी येता, दारी उभी माझी माता.’

पुस्तिका छापून आली तेव्हा ती माझ्या टेबलापाशी आली.

“सर, ही माझी नाही.”

“खाली नाव कोणाचं आहे?”

“माझं.”

“मग तुझीच.”

मी हे हसत हसत म्हणालो. वर्गही हसला.

स्नेहसंमेलनात ती कविता तिने म्हणावी, असे मीच ठरवले, कारण तिचा आवाज खणखणीत होता. सभागृह भरलेले. तिसऱ्या रांगेत तिचे वडील, इस्त्रीच्या शर्टात. ‘दारी उभी’ इथे ती थांबली. पाठ होते, तरी थांबली. मी पडद्याच्या कडेला उभा होतो. मला तेव्हा काय वाटले ते खरे लिहितो: कार्यक्रम फसणार, असे वाटले. मी तोंडाने ‘माझी माता, माझी माता’ असे मोठमोठे आकार करू लागलो. पुढच्या रांगेतली मुले ते बघून खिदळली. मग टाचणीने ते दोन शब्द म्हटले आणि उरलेली कविता एकही चूक न करता संपवली. टाळ्या पडल्या. तिचे वडील त्याआधीच उठून बाहेर गेले होते.

घरी आल्यावर माझी पत्नी एवढेच म्हणाली, “ती पोरगी तिथे उभी होती आणि तुम्ही ओठ हलवत होतात.” ती पुढे चोवीस वर्षे जगली, पण हा विषय तिने पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

त्यानंतरच्या कवितेच्या तासाला टाचणीने कोरा कागद दिला. मी कारण विचारले. ती म्हणाली, “सर, तुम्हीच लिहा. तुम्हाला माझं जास्त चांगलं येतं.” उद्धटपणाबद्दल मी तिला तासभर उभे केले.

वर्षाच्या शेवटी वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. हातावर भट्टीचे डाग होते. त्यांनी दाखला घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, “सर, तिची आई नाही, हे तुम्हाला माहीत होतं?”

मी म्हणालो, “नव्हतं.”

मूळ कागद तेव्हा माझ्या मागच्या कपाटात होता. यानंतर मी आणखी पाच पुस्तिका काढल्या.

कलम ५. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांना माझा शब्दकोश द्यावा. तिसऱ्या पुस्तिकेनंतर त्यांनी मला खोलीत बोलावून, दार लावून सांगितले होते, “सर, या कविता तुमच्या आहेत. मुलांच्या वाईट असल्या तरी चालतील, पण मुलांच्या असू द्या.” मी याला मत्सर समजलो आणि निवृत्तीपर्यंत त्यांच्याशी कामापुरतेच बोललो. शब्दकोशात मी चिठ्ठी ठेवली आहे. ती मी जिवंतपणी पोस्टात टाकू शकलो असतो. धीर झाला नाही.

कलम ६. शाळा त्या अकरा पुस्तिका एकत्र करून माझ्या नावाने छापणार आहे, तसे पत्र आले आहे. माझी याला मनाई आहे. छापायचेच असेल तर ट्रंकेतले कागद छापावेत, ज्याचे त्याला विचारून, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. आदर्श शिक्षकाचे पितळी सन्मानचिन्ह मोडीत घालावे. मुलीने ते भावनेच्या भरात दिवाणखान्यात लावू नये.

कलम ७. हे कलम रद्द केले आहे. कसे रद्द झाले, ते लिहितो.

गेल्या वर्षी मी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला गेलो. तपासणाऱ्या बाईंनी खालची ओळ वाचायला सांगितली. मी जुळवून जुळवून अक्षरे सांगू लागलो. त्या म्हणाल्या, “अंदाजाने सांगू नका, सर. दिसतंय तेवढंच सांगा.” त्या ‘सर’वरून मी वळून पाहिले. ती टाचणी होती. तिने मला फॉर्मवरच्या अक्षरावरून कधीच ओळखले होते.

चष्मा आणायला जाताना मी तिच्या कवितेचा मूळ कागद बरोबर नेला. तिने काउंटरशी उभ्यानेच वाचला. म्हणाली, “एवढीच होती? मला वाटायचं, फार वाईट लिहिली असणार, म्हणून तुम्ही बदललीत.” तिच्या मुलाला शाळेत कविता करायला सांगितली की ती त्याला आपल्या नवऱ्याकडे पाठवते, असेही बोलण्यात आले. मी माफी मागितली. तिच्या वडिलांशी खोटे बोललो, तेही सांगितले. वडील आता नाहीत. तिने माफ केले, असे ती म्हणाली नाही. कागद मी पुढे केला तर तिने परत सरकवला. “राहू दे तुमच्याकडे. वाचत जा.”

म्हणून कलम सातने तो कागद माझ्या पश्चात तिला दिला होता. कलम चार पक्के होण्याआधी तिने वाचावे, म्हणून मसुदा घेऊन मी दुकानात गेलो. तिने एक शब्द दाखवला. मी लिहिले होते की रंगमंचावर ती रडली.

“मी रडले नव्हते, सर. तुम्ही परत घातलंत.”

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, माफी मागून झाल्यावर, मी पुन्हा तेच केले होते. तो शब्द तिथेच काउंटरवर खोडला.

मग ती म्हणाली, साक्षीदार म्हणून मी सही करीन. आज इथे घरी वकिलांनी सांगितले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. वाटा की सही, असे त्यांनी तिला विचारले. तिने कागद आजच मागून घेतला, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, “आता मला काही मिळायचं राहिलं नाही. पेन द्या.”

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम माझी मुलगी करील. तिने हे सगळे आज पहिल्यांदाच वाचले आहे आणि ती व्हरांड्यात जाऊन बसली आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: अकरा, मंगळवार, सकाळी पावणेबारा.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही.

साक्षीदार पहिले, आमचे डॉक्टर: यांनी माझ्यासमक्ष सही केली. त्या वेळी ते पूर्ण शुद्धीत होते. सही.

साक्षीदार दुसऱ्या, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या, यांनी वकिलांनी सांगितलेल्या मजकुराखाली स्वतःच्या हाताने लिहिले, ते असे:

सरांनी हे सगळं आमच्यापुढे मोठ्याने वाचलं. चौथ्या कलमात ते मधेच थांबले. मी काही सुचवलं नाही. वाट बघितली. बऱ्याच वेळाने त्यांनी पुढे वाचलं. सही.