तोंडी परीक्षेतला सोपा प्रश्न

नागपूर,
दि. ९ ऑक्टोबर १९७९

आदरणीय घाटे सर,
सादर जयभीम.

आपले पत्र मिळाले. आपली व काकूंची प्रकृती चांगली आहे हे वाचून बरे वाटले. आमच्याकडे सर्व ठीक. वडिलांची रेल्वेतली नोकरी अजून तीन वर्षे आहे. मी इतवारीत भांड्यांच्या एका ठोक दुकानात स्टीलच्या भांड्यांवर नावे टाकतो. लग्नसराईत मान वर करायला सवड नसते. माझ्या हातून अद्याप एकही नाव चुकलेले नाही, म्हणून शेटजी मला दुसरे काम सांगत नाहीत.

उत्तराला उशीर झाला. हे पत्र लिहिले, फाडले, पुन्हा लिहिले.

दिवाळीच्या सुट्टीत आपण प्राध्यापकांचे शिबिर घेत आहात. प्रत्येक प्राध्यापकाकडे दहा मुले सोपवून त्यांचे पालक व्हा म्हणतात, पण ते कसे व्हायचे हे प्राध्यापकांना कोणी शिकवत नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. त्या शिबिरात मी थोडे बोलावे, गरिबीमुळे दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज कसे सोडावे लागले ते सांगावे, आणि मग प्राचार्य मला तिसऱ्या वर्षात परत घेतील, असे आपण लिहिता.

मला परत यायचे आहे. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचून गैरसमज नको.

आईला पत्र वाचून दाखवले. ती म्हणाली, "जाय ना गा. गरीब होतो म्हन. होतोच ना आपण?"

मी म्हटले, फी माफ होती, शिष्यवृत्ती होती, बाबांचा पगार होता. त्यासाठी नाही सोडले.

"मंग काहून सोडलं? दोन वर्सापासून इचारून राहिली मी. मले नाही सांगत तं त्या मास्तरले तरी सांग."

म्हणून सांगतो.

आपण वाईट होता असे नाही. वाईट असता तर मला सोपे गेले असते. रविवारी आपण आपल्याकडे सोपवलेल्या आम्हा दहाही जणांना घरी बोलवत होता. काकू मला सगळ्यांसारख्याच बशीत पोहे देत. इतर प्राध्यापकांना त्यांच्या मुलांची नावेसुद्धा ठाऊक नव्हती. हे मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. माझ्या आधी पारशिवनीचा रुपराव आत गेला. दार अर्धे उघडे होते. त्याला इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरवर प्रश्नामागून प्रश्न आले. वेग वाढला की त्याचे फिरते गोळे बाहेर का जातात, आणि कधीकधी ते एका जागी न ठरता वरखाली का करत राहतात. शेवटचे त्याला आले नाही. आपण त्याला चांगलेच झापलेत. मला ते उत्तर येत होते. तेवढ्यासाठी मी वर्कशॉपमधल्या जुन्या इंजिनापुढे रोज बसलो होतो. कधी एकदा आत जातो असे मला झाले होते.

मी आत आलो आणि आपण परीक्षकांकडे वाकून म्हणालात, "हा आपला ताराचंद. बुद्धीने बेताचा, पण फार कष्टाळू. घरी शिक्षणाचं वातावरण नाही. जरा सोपं विचारा."

परीक्षक हसले. कोपऱ्यातल्या चाकाकडे बोट करून म्हणाले, "बाळ, याला काय म्हणतात?"

"फ्लायव्हील."

"शाब्बास. जा."

रुपराव बाहेर घाम पुसत उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. "तुझं बरं हाय गा," तो म्हणाला. "आमाले भट्टीत टाकतेत अन् तुले पाळण्यात." त्याच्या मनात काही नव्हते, पण बाकीच्या पोरांनी ते उचलले. गुण लागले तेव्हा मला त्याच्यापेक्षा जास्त होते. मी बोर्डापुढे उभा होतो आणि मागे पोरे पाळणा हलवल्यासारखे हात करत होती. तेवढ्यात आपण आलात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "बघ, सांभाळून घेतलं की नाही?"

मी "हो सर" म्हणालो.

त्यानंतर कुठलेही गणित सुटले की वाटे, हे मुद्दाम सोपे तर दिले नसेल? कोणी शाबासकी दिली की तोंड कडू होई. मला काय येते आणि काय येत नाही, हेच मला कळेनासे झाले. मग कॉलेजात कशासाठी जायचे?

मी येईनासा झालो तेव्हा आपण आमच्या घरी आलात. पैशाची अडचण आहे का, असे आईला विचारलेत. मी तिथेच दारापाशी उभा होतो. मला काहीच विचारले नाही.

आता शिबिरात आपण मला पुन्हा तेच करायला सांगता. पुन्हा मी कीव वाटेल असे उभे राहायचे आणि त्याबद्दल मला जागा मिळायची. आई म्हणते, दोन शब्द खोटे बोलले तर जीभ झडत नाही. तिचे बरोबर असेल.

मी येईन, पण भाषण करणार नाही. सगळ्या प्राध्यापकांसमोर माझी दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा घ्या, रुपरावची घेतली तशी. पुष्कळ विसरलो असेन. नापास झालो तर जागा नको. परीक्षा घेणाऱ्यांना माझ्याबद्दल आधी काही सांगू नये, एवढी विनंती. हे जमत नसेल तर गरिबीवर बोलणारा दुसरा कोणी आपल्याला सहज मिळेल.

काकूंना नमस्कार सांगावा.

इथे 'आपला विद्यार्थी' लिहायचे असते. ते परीक्षेनंतर ठरवू.

ताराचंद गजभिये