हागारची पाठ

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज हॉस्पिटलच्या जिन्यात बसल्यावर मला तुमच्याशीच बोलावंसं वाटलं. लेक आत आयसीयूत आहे. ताप मेंदूत गेलाय. तिचा श्वास मशीन घेतंय. सकाळी डॉक्टर म्हणाले, "आत बसा, बोला तिच्याशी," आणि मी उठून बाहेर आले. तिचे बाबा आत थांबले. मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

आणि मला आपला चित्रकलेचा वर्ग आठवला. फुलंब्रीहून बसनं येणारी मी मागच्या बाकावर आहे, आणि तुम्ही टेबलावर एका जुन्या कोरीव चित्राचा छाप ठेवताय. बायबलातला प्रसंग. घरातून हाकललेली दासी हागार. रानात पाणी संपलंय, मरायला टेकलेलं पोर झुडपाखाली ठेवून ती त्याच्याकडं पाठ करून बसलीय. मी फटकन म्हणाले, "काळजाचा दगड केलाय हिनं. लेकराला टाकून गेली." तुम्ही चिडलात. "निकाल नको देऊ पोरी, चित्र बघ. किती लांब गेलीय ती?" मी भिंग लावलं. म्हणाले, "फार नाही. त्याचं रडणं ऐकू येईल इतकीच." "व्हय. बघवत नाय आन् सोडवतबी नाय. कोरणाऱ्यानं सगळ्यात दाट रेघा कुठं मारल्यात बघ. तिच्या पाठीवर." वर ढगात देवदूत होता. तो तिला दिसतो का, असं मी विचारलं. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "अजून नाय. तो आपल्याला दिसतोय. तिला काय ठावं?"

बाई, मलाही काही ठाऊक नाही. दिवसभर दाराआडून मशीनचा आवाज येत होता, म्हणून मी खालच्या मजल्यावर गेले नाही, आणि दार ढकलायला हातही उचलला नाही. त्या गोष्टीत पुढं काय होतं, तेही तुम्ही सांगितलं होतं: देवदूत म्हणतो, ऊठ, लेकराचा हात धर. मला तसं कुणी म्हणालं नाही. संध्याकाळी मी आपणहून उठले, आत गेले, तिचा हात धरला. हात गरम होता. बोटं हलली नाहीत. नर्स म्हणाली, "बोला ना ताई, ऐकू येत असेल तिला." मला नुसतं "मी आलेय गं" एवढंच म्हणता आलं.

तुम्हाला लिहिलेला हा कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवणार आहे. तिच्या बाबांना वाटलं, मी तिला धीर देतेय. खरं तर मी पडू नये म्हणून तिचा हात धरला होता.