लतिकेच्या पुळणीकडे

१२ फेब्रुवारी १९८६

सांगाडा उभा राहिला! अंगणात, तुळस आणि फाटक यांच्या मधोमध. लांबी चौदा फूट, बूड सपाट — म्हणजे वाळूवर ओढून ठेवता येईल. वल्ह्यांनी चालेल, शिडाने चालेल. वारा पडलाच तर मागे लहानसे यंत्र. ताडपत्री ताणली की दोघांना आत निजता येईल. इतक्या कामांची नौका आखताना एकही रेघ वाया गेली नाही, हे मीच नोंदवतो. दुसरे कोण नोंदवणार?

शेजारचे रुपराव संत्र्यांचे व्यापारी. कुंपणावरून ओरडले, "काय सर, नाग नदीत डोंगा चालवून राहिले काय?" डोंगा! नाग नदीत गुडघाभर पाणी नाही. उत्तर दिले नाही.

२० फेब्रुवारी

हे सारे कशासाठी, ते एकदा लिहून ठेवावे.

शस्त्रक्रियेनंतर गुंगी उतरताना लतिका एकच गोष्ट बोलली. वेंगुर्ल्याच्या बाजूला कड्याखाली एक पुळण आहे — पांढऱ्या वाळूचा लहानसा तुकडा. जमिनीवरून वाट नाही. तिचे वडील तिला होडीने न्यायचे. खडकाआड गोड्या पाण्याचा झरा आहे, त्याचे पाणी ओंजळीने प्यायचे. "एकदा दिसायला हवी हो." लग्न होऊन ती नागपुरात आली तेव्हापासूनची तिची ही पहिली मागणी. मला सांत्वन करता येत नाही. लाकूड कापता येते.

गाठ समूळ काढली आहे. ती पुन्हा उद्भवते की नाही, हे वर्ष-दीड वर्षात कळेल, असे डॉक्टर म्हणतात. लतिका पुढच्या वर्षाचे नावच काढत नाही. काल लोणच्याच्या बरण्या तिने रुपरावांच्या पत्नीला, सुभद्राबाईंना, देऊन टाकल्या. "काहून वं ताई, तुले नाही लागत काय?" लतिकेने झाकणे घट्ट करून दिली. मी आत जाऊन रंधा मारीत बसलो.

३ एप्रिल

व्हार्निशमध्ये बुडबुडा. सबंध बाजू खरवडून काढली. लतिका म्हणते, "मला तर दिसत नाही." मला दिसतो!

१८ मे

उन्हाने फळ्या तडकतील या भीतीने नौकेभोवती वाळ्याच्या ताट्या लावल्या. कमी पडल्या. लतिकेने निजायच्या खोलीची ताटी स्वतः काढून आणली. "मला नको. होडीला उकडतंय." मी ताटी परत लावायला गेलो, तर तिने खोलीला बाहेरून कडी घातली. दुपारभर ती ओला पंचा डोक्यावर घेऊन नौकेच्या सावलीत भाजी निवडत बसली. इतकी सुखी मी तिला फार दिवसांनी पाहिली.

२ जून

लिहायलाही लाज वाटते.

प्रवासाचा आराखडा तिच्यापुढे ठेवला. उत्तरपत्रिका तपासून झाल्या, महाविद्यालय महिनाभर बंद — आठवड्याभरात निघायचे. तिने नीट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "जूनमध्ये दर्या बंद असतो. नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी होडी लोटत नाही."

शिडावर वाऱ्याचा भार किती, चार माणसे बसली तर नौका किती बुडेल — सर्व काढले. ऋतू कोणता, हे पाहिले नाही! आमची सुट्टी ती समुद्राचीही सुट्टी, असे मी खुशाल गृहीत धरले. विदर्भातल्या गणिताच्या प्राध्यापकालाच हे साधते.

"तुला फेब्रुवारीपासून ठाऊक होते?"

"होतं की."

"मग?"

"तुमचं कधी चुकतच नाही हो. म्हटलं, एकदा चुकू दे. आणि होडी होईतो संध्याकाळचे घरी तरी असता."

जेवणापर्यंत अबोला धरला. पुढे तो सांभाळता आला नाही. ती हसली, आणि — मीसुद्धा.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. दरवर्षी लतिका अंबाझरीच्या काठावरून तलावात नारळ सोडते आणि बघे हसतात. यंदा पाण्याच्या मधोमध जाऊन सोडला!

रुपरावांच्या ट्रकमधून नौका नेली. मी आयुष्यात प्रथमच नौकेत बसलो; बसलो म्हणण्यापेक्षा दोन्ही कडा घट्ट धरून राहिलो. कोपऱ्यातून पाणी झिरपले. "परत फिरव!" मी ओरडलो. "अहो, लोटा घ्या आणि उपसा." काठावरून रुपराव: "सर, तुम्ही डोंगा बनवला का परात?"

वल्ही तिच्याच हातात होती. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात अजून पुरता ओढत नाही. नौका एकाच अंगाला वळत राहिली. गोल, पुन्हा गोल. मला कारण ठाऊक होते, उपाय ठाऊक होता. मी पाणी उपसत राहिलो.

४ नोव्हेंबर

रजा मंजूर. रुपरावांचा ट्रक संत्री घेऊन कोल्हापूरला निघतो आहे. पुढे वेंगुर्ल्यापर्यंत नौका पोचवून देतो म्हणतात. "पण रिकामी काहून न्यायची, सर? संत्री भरतो त्यात." माझ्या नौकेत संत्री! होकार दिला. भाड्याचा विषय काढला तर रागावले: "ताईले ते पुळण दाखवा, बस."

या माणसाला मी नऊ महिने धड उत्तर दिले नाही. आज त्यांच्याबरोबर फाटकाशी उभे राहून चहा घेतला.

१३ नोव्हेंबर, वेंगुर्ले

पोचलो. तिने सांगितलेल्या सुळक्याच्या खुणेवर, मी आखलेल्या रेघेवर. कडा, पांढरी वाळू, वाट नाही.

लतिका घोटाभर पाण्यात उतरली. इकडे-तिकडे न पाहता थेट खडकाआड गेली, झऱ्याचे पाणी ओंजळीने प्याली, तोंड पुसत परत आली. म्हणाली, "ही नव्हे हो ती."

मी नकाशा काढला. तिने माझ्या हातून घेतला आणि मिटला. "राहू द्या. पुढच्या वर्षी नीट शोधू. आणि घरी गेल्यावर सुभद्राकडून माझ्या बरण्या मागून आणा."

नकाशा बरोबर होता. हे इथेच नोंदवतो. तिला सांगणार नाही.