बशीभोवतीची गोधडी

मंगळवार, दिवेलागण

कशात लक्ष लागत नाहीये. दुपारी पार्सल आलं. ऑनलाइन लिलावात नांदगावच्या सलीमभाईंकडून मी दोन पितळी अडकित्ते आणि चिनी मातीची एक जुनी बशी घेतली होती. प्रत्येकाचं कुरिअर वेगळं कशाला भरायचं, म्हणून मीच त्यांना फोन केला होता, सगळं एकाच खोक्यात घाला. ते म्हणाले होते, "ताई, पितळेसोबत बशी नको ना. फुटून जाईल." मी म्हटलं, "नीट बांधलं की काही होत नाही हो."

बशीचे दोन तुकडे. आणि मी काय करावं? लगेच त्यांना एकच स्टार दिला, वर लिहिलं, 'पॅकिंग निष्काळजी.'

खोकं नंतर आवरलं. बशीभोवती गोधडीचा तुकडा होता, हाताने टाके घालून पिशवीसारखा शिवलेला. निष्काळजी म्हणे! घरातली गोधडी कापली असेल का त्यांनी? एवढ्याशा बशीसाठी?

आत्ता त्यांचा फोन आला. वाटलं, सुनावणार. तर म्हणाले, "माफ करा ताई, चूक माझीच. दोन खोकी करायला पाहिजे होती मी. बशीचे पैसे परत पाठवतो."

तेव्हा तरी बोलायचं ना, की हट्ट माझा होता! तो गोधडीचा तुकडा माझ्या हातातच होता. आणि मी म्हणाले, "असू द्या सलीमभाई, होतं असं कधीकधी."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.