एका दिवसाची मुख्याध्यापिका

बाई, तुम्ही गेलात ते मला महिन्याभरानं आईच्या पत्रातून कळलं. तेव्हा मी लग्न होऊन परगावी होते. आता सत्तरी ओलांडली, सिंगापूरला पासिर रिसमध्ये लेकीकडे राहते. तुमच्याशी एक बोलायचं राहून गेलं होतं, म्हणून आज स्वयंपाक आटोपून वही घेऊन बसले आहे.

साताऱ्याच्या आपल्या शाळेतला स्वयंशासनाचा दिवस. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, मुलींनी दिवसभर शाळा चालवायची, शिक्षकांनी मध्ये पडायचं नाही, हा तुमचाच नियम. तुमच्या जागी मुख्याध्यापिका म्हणून तुम्ही माझं नाव वाचलंत तेव्हा माझे कान तापले होते. आईचं जांभळं लुगडं नेसून, मनगटावर वडिलांचं घड्याळ बांधून मी फाटकाशी उभी आहे. प्रार्थना संपते आणि सातवीतली एक मुलगी धापा टाकत येते. वेणी अर्धवट, परकराला राखेचे हात पुसलेले. "ताई, ऐका ना, घरी..." ती म्हणते. "घंटा झाली. परत जा," मी म्हणते आणि कडी घालते. ती थोडा वेळ गज धरून उभी राहिली, मग गेली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, बाई.

शाळा सुटल्यावर तुम्ही खोलीत बोलावलंत. शाबासकी मिळणार असं धरूनच मी आले. "तिला उशीर का झाला?" तुम्ही विचारलंत. "विचारलं नाही, बाई." "आज मुख्याध्यापिका कोण होतं?" "मी." "मग तूच तिच्या घरी जा आणि विचारून ये." आवाज चढवला नाहीत, त्यानंच जास्त लागलं. मी तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. दारात उभं राहून काय बोलायचं ते सुचेना. तिथूनच परतले आणि तुम्हाला सांगितलं, "घराला कुलूप होतं." तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी तुम्हीच तिला हाताला धरून आणलंत. तिची आई बाळंतीण होती, चूल हिच्याकडे होती. शाळेनंच परत पाठवलं तर बस घरीच, असं वडील म्हणाले होते. हे मला मुलींकडून कळलं. बाळंतिणीच्या घराला कुलूप कसं असेल, हे तुमच्या लक्षात आलंच असणार. तरी तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. फक्त म्हणालात, "उद्यापासून फाटकावर तू. उशिरा येणारीला आधी विचारायचं, मग आत घ्यायचं." मॅट्रिक होईपर्यंत मी ते केलं. कोणाच्या घरी आजी अंथरुणाला खिळलेली, कोणाची एकुलती चप्पल वाटेत तुटलेली. विचारल्याशिवाय काहीच कळत नाही, हे तिथं शिकले.

परवा माझी नात शाळेत प्रीफेक्ट झाली, म्हणजे बाकीच्या मुलांवर देखरेख ठेवणारी. बॅज दाखवत, इथल्या पोरांसारखं शेवटी 'ला' जोडत म्हणाली, "आजी, लेट आलं की मी नाव लिहिणार. रूल इज रूल, ला." मी तिला जवळ बसवून, तुम्ही मला त्या मुलीच्या घरी पाठवलंत तिथपर्यंत सांगितलं. डोळे मोठे करून ऐकत होती. "देन? यू वेंट टू हर हाउस?" "गेले ना," मी म्हणाले. "दार वाजवलं, तिची माफी मागितली." "सो ब्रेव्ह, आजी!" म्हणत तिनं मला मिठी मारली आणि मी ती मारू दिली.

तुम्ही हयात असतात तरी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं. खोटं बोलताना या वेळीही मला काही जड गेलं नाही, बाई.