कंदीलफुलाचा दुसरा फोटो

प्रिय जयराज,

फोन करायचा सोडून ताई पत्र कसलं लिहीत बसलीय, म्हणून हसशील. हस. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, नेमकं मध्येच तुझं गिऱ्हाईक येतं. इथं तरी शेवटपर्यंत ऐकशील.

कोयनानगरच्या वरच्या डोंगरातल्या त्या वनस्पती उद्यानाचं माझं काम अजून उरकलेलं नाही. संस्थेला प्रत्येक झाडाचा फोटो हवाय, आणि इथं पाऊस असा की लेन्स पुसायची की पायाच्या जळवा काढायच्या हेच कळत नाही. सोबतीला असतात धनाजीमामा, इथले राखणदार. खरं सांगू? पहिल्या दिवसापासून मला त्यांचा संशय यायचा. मी कॅमेरा लावला की हे मागे येऊन उभे. दुर्मिळ झाडांजवळच्या नावाच्या पाट्या त्यांनीच उपटून शेडमध्ये ठेवलेल्या. म्हटलं, हा माणूस नक्की काहीतरी लपवतोय. मग एकदा ते मला कातळाच्या कडेला घेऊन गेले आणि गवतातलं कंदीलफूल दाखवलं. बोटाएवढं, जांभळट, वरून मिटलेलं. त्या जातीचं उद्यानात तेवढं एकच रोप. म्हणाले, "फोटू काढा की ताई, पन जागा कुनाला सांगू नगासा. ह्येचा कंद चोरायला लोकं लय लांबनं येत्यात." तेव्हा पाट्यांचा उलगडा झाला.

जागा मी कुणालाच सांगितली नाही. तरी आठवड्याभरात रोप गेलं. कुणीतरी कंदासकट खणून नेलं. संस्थेतल्या लोकांचं बोट लगेच धनाजीमामांकडे वळलं. कातळाची वाट त्यांनाच ठाऊक, आणि त्यांच्या घरावरचा निळा झेंडा काहींच्या डोळ्यांत आधीपासूनच सलत होता. सोमवारी बैठक आहे. त्यांना चोर ठरवून काढून टाकायचं जवळजवळ पक्कं झालंय. त्यांच्या बायकोनं, जाईबाईनं, माझ्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, "आवं ताई, लेकरागत जपलं त्येनी त्ये रोप. त्ये कशाला चोरत्याल?" मी मान डोलावली, पण मनात म्हणत होते, कुणास ठाऊक! संशय असाच असतो बघ. घरी बसवून चहा पाजणाऱ्याचीसुद्धा झडती घ्यायला लावतो.

गणपतीला मी विश्रामबागेत घरी आले, तेव्हा आई मागच्या नळावर तुझे बूट घासत होती. "ही तांबडी माती कुठनं आनलीया गं ह्यानं? निघता निघंना," म्हणत होती. आपल्या सांगलीत सगळी काळी माती. तांबडी ती इथल्या डोंगरात. दुपारी तुझ्या नर्सरीत आले, तर मागच्या हिरव्या जाळीत तू मला पाऊल टाकू दिलं नाहीस. औषध मारलंय म्हणालास. मला तर कसलाच वास आला नाही.

तेव्हा आठवलं. फूल दिसल्याच्या आनंदात मी मोबाइलवर एक फोटो काढला होता आणि तो व्हॉट्सॲपवर फक्त तुला पाठवला होता. नर्सरीत मोठा करून लावायचाय म्हणून तू तोच पुन्हा 'डॉक्युमेंट' करून मागवलास. साधा पाठवला की फाटतो, म्हणालास. फाटतो हे खरंच. पण तसा पाठवला की फोटोसोबत तो काढल्याची जागाही जाते, अगदी त्या कातळापर्यंत. मी फोटोग्राफर असून हे माझ्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं होतं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपण फलटणला होतो तेव्हाचं आठवतं का रे? शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या अंगणातून तू मनीप्लांटची फांदी लांबवलीस. चोरून आणलेलं मनीप्लांटच फळतं, असं सगळेच म्हणतात. आईनंही हसत बाटलीत लावलं आणि वेल खिडकीभर पसरली. मग कुणाचा गुलाब, कुणाचं चाफ्याचं कलम. तू कधी कुणाला विचारलं नाहीस आणि आम्हीही कधी तुला विचारलं नाही. ह्याचा हात लागला की झाड जगतं, म्हणून गावभर कौतुक सांगितलं. आता मला तुझा राग येतोय आणि रडूही येतंय, दोन्ही एकदमच.

मी वेडी आहे, उगाच माझ्या भावावर शंका घेतेय, असं स्वतःला पटवायला मी बुधवारी तुला आणखी एक फोटो पाठवला. "दुसरं रोप सापडलं, अजून कुणाला माहीत नाही." या वेळी तू मागायच्या आतच 'डॉक्युमेंट' करून. जयराज, ते साधं कंदीलफूल आहे, या डोंगरात कुठंही उगवतं. कळी असताना भल्याभल्यांना फरक कळत नाही. तुझं उत्तर आलं, "भारी." आणि संध्याकाळी तू आईला सांगितलंस की रविवारी मिरजेला मित्राचं लग्न आहे. पितृपंधरवड्यात कुणाचं लग्न निघतं रे?

म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या रोपाच्या बुडाशी मातीत पुरतेय. खणणाऱ्यालाच ते सापडेल. तू हे वाचत असशील, तर खुरपं खाली ठेव. वर शेडमध्ये मी आणि धनाजीमामा बसलोय. कोण येणार आहे हे मी त्यांना सांगितलेलं नाही, ते तूच सांग. पहिला कंद जिवंत असेल तर उद्याच्या बैठकीआधी परत आण. पळून गेलास, तर बैठकीत तुझं नाव मी घेईन. आणि तू आलाच नाहीस, तर हे पत्र इथंच मातीत कुजून जाईल, कुणी न वाचता. देवाजवळ सकाळपासून तेवढंच मागतेय.

तुझीच,
ताई