शांत आवाजातल्या कळा

उज्ज्वल,

मी शेजारच्या मिसेस लिमबरोबर टॅक्सीने हॉस्पिटलला निघालेय. अकरा वाजता फोन करून तुला सांगितलं होतं की दर सात मिनिटांनी कळ येतेय. तू म्हणालास, "किती शांत बोलतेयस! म्हणजे अजून वेळ आहे, मीटिंग संपवून येतो." अरे, शांत राहता यावं म्हणूनच मी दोन महिने दर शनिवारी त्या हिप्नोबर्थिंगच्या क्लासला जात होते, तेही एकटी! एकदा जरी आला असतास तर कळलं असतं, कळ आली की आम्ही ओरडत नाही, डोळे मिटून लांब श्वास सोडतो. दुखायचं ते दुखतंच. नंतरचे तीन फोन तू उचललेही नाहीस.

आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "खऱ्या कळा असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतंस," आणि खाली भाजी आणायला गेल्या. इतका संताप आला की माझा श्वासच चुकला. शेवटी मीच मिसेस लिमची बेल वाजवली. पोटावर हात ठेवून त्या इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाल्या, "बेबी कमिंग, लाह!" घड्याळ लावून त्यांनीच अंतर मोजलं. आता ते चार मिनिटांवर आलंय.

वरणाखालचा गॅस बंद केलाय. माझा पासपोर्ट कपाटातून घेऊन ये, हॉस्पिटलात नोंदणीला लागेल.

लेबर रूममध्ये एकालाच सोडतात. मी मिसेस लिमचं नाव सांगणार आहे. तू आईंना घेऊन ये आणि बाहेर त्यांच्याजवळ बस, त्या घाबरतील.

प्रियदर्शिनी